घराखाली विभावरी

काउन्सिलच्या दफ्तरी मी अकरा आठवडे बिल्डर होतो. मला भिंतीवर कॅलेंडर लावताना ज्यांनी पाहिलंय, ते हे ऐकून आधी खाली बसून घेतात. माझा व्यवसाय डेटाबेस सांभाळण्याचा. हातोडी मी आयुष्यात दोनदा धरली, आणि दोन्ही वेळा खिळ्याला काही झालं नाही. तरीही हिल्सबरोतल्या आमच्या घराच्या फायलीत ‘काम कोण करणार’ या रकान्यापुढे स्वच्छ अक्षरात माझं नाव होतं, शशिकांत, आणि शेवटच्या पानावर माझी सही होती. सही खरी होती. बाकी सगळं खोटं होतं.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत ऑकलंडवर जो पाऊस कोसळला, त्यात आमच्या घरामागचा उतार सुटला. शनिवारी सकाळी पडदा सारला तर आमचं लिंबाचं झाड जागेवर नव्हतं. ते खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या परसात, फळांसकट, अगदी ताठ उभं होतं. पंधरा दिवसांनी वादळ आलं आणि उरलेला उतार त्या झाडाला भेटायला गेला. मागचा डेक हवेत लोंबकळत राहिला आणि स्वयंपाकघरात ओट्यावरून पडलेला लाडू घरंगळत थेट ईशान्य कोपऱ्यात जाऊन बसायला लागला.

इथली जुनी घरं जमिनीवर टेकलेली नसतात. ती बुटक्या लाकडी खांबांवर उभी असतात आणि खाली माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी पोकळी असते. आमच्या मागच्या बाजूचे खांब कलले होते. काउन्सिलची माणसं आली, त्यांनी दर्शनी दारावर पिवळा स्टिकर चिकटवला आणि स्वयंपाकघराकडच्या भागात पाऊल ठेवायचं नाही असं बजावून गेली. विमावाल्यांच्या इंजिनिअरने तात्पुरते लोखंडी टेकू लावले, नऊ नव्या खांबांचा नकाशा काढून दिला आणि सांगितलं की हे टेकू कायमचे नाहीत, अजून एक मोठा पाऊस आणि तो कोपरा गेलाच म्हणून समजा.

तेव्हापासून आमचा स्वयंपाक गॅरेजमध्ये, गाडी बाहेर काढून. कुत्री फिरवायला निघालेले लोक आमच्या दाराशी रेंगाळून स्टिकर वाचायचे. त्यांची कुत्रीही थांबायची. दहा वर्षांत कधी कर्जाचा हप्ता न चुकवलेल्या माणसाला भर रस्त्यावर पिवळं कार्ड दाखवलं जातं तेव्हा त्याच्या मनाचं काय होतं, याची पाहणी मात्र कोणत्याच खात्यातर्फे झाली नाही.

आता बिल्डर शोधायचा. अर्धं शहर बिल्डर शोधत होतं, त्यामुळे बिल्डरांनी फोन उचलणंच बंद केलं होतं. अशा वेळी मला सल्ला मिळाला समीरचा. हा माझा जुना मित्र, फ्लॅट बुशला राहतो. त्याचं घर चार वर्षांचं आहे आणि त्यात अजून नळाचा वॉशरसुद्धा बदलावा लागलेला नाही, त्यामुळे घरदुरुस्तीबद्दलचा त्याचा आत्मविश्वास अबाधित आहे. त्याचं म्हणणं असं की सध्या जो येतो म्हणेल त्याला घ्यायचं. जास्त प्रश्न विचारले की चांगली माणसं दुखावतात आणि निघून जातात.

दुसरा सल्ला समोरच्या घरातल्या जयवंतांचा. जयवंत इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मूळचे कल्याणचे. विजेच्या सबस्टेशनांची तपासणी करून करून त्यांचा स्वभावच तपासणीचा झालाय. दुधाच्या बाटलीमागचा मजकूर पूर्ण वाचणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी एकच विचारलं, रजिस्टरमध्ये नाव पाहिलंत का. मग मला समजावून सांगितलं की घराच्या सांगाड्याला हात लावणारं काम इथे फक्त लायसन्स असलेला बिल्डरच करू शकतो, निदान त्याच्या देखरेखीखाली तरी व्हावं लागतं. लायसन्स नसताना करणाऱ्याला जबर दंड आहे. आणि कोणाकडे लायसन्स आहे ते इंटरनेटवर कोणालाही पाहता येतं. विमान सुटण्यापूर्वी हवाई सुंदरी पट्टा कसा बांधायचा ते दाखवते, तेव्हा माझा जो चेहरा असतो त्या चेहऱ्याने मी हे सगळं ऐकलं. मी दिवसभर पडद्यावर लोकांची नावं शोधणारा माणूस. घरी येऊनही तेच करायचं, हे मला पटेना.

आणि ब्रेंट आला. आपण होऊन आला, दार वाजवून आला. पायात जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता, त्याने न सांगता दाराबाहेर काढल्या. ‘किया ओरा’ म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. घराखाली बॅटरी मारून पाहिली आणि असा उसासा टाकला की मला माझ्या घराबद्दल पहिल्यांदाच कोणालातरी मनापासून वाईट वाटतंय असं वाटलं. गॅरेजमध्ये विभावरी पोहे करत होती. विभावरी म्हणजे माझी बायको. त्याने ते खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले. पोहे दुसऱ्यांदा मागून घेणाऱ्या माणसाला लायसन्स विचारणं माझ्या संस्कारांत बसेना.

तरी विभावरीने विचारलं. ब्रेंट म्हणाला की लायसन्स नूतनीकरणाला गेलंय, पुरामुळे तिकडे गर्दी आहे, तोवर एका साध्या फॉर्मवर काम लवकर मंजूर होतं. तो फॉर्म त्याच्याकडे होताच. लायब्ररीत शनिवारी जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे शपथपत्रं साक्षांकित करणारे मानद अधिकारी, बसतात, त्यांच्यासमोर सही केली की झालं. म्हटलं, करू.

लायब्ररीतले गृहस्थ म्हातारे, अगदी सौम्य. त्यांनी मला विचारलं, सगळं वाचलंय ना. मी हो म्हटलं. दिवसातून पन्नास वेळा ‘आय अॅग्री’वर टिचकी मारणाऱ्या माणसाची वाचण्याची कल्पना थोडी वेगळी असते. त्यांनी शिक्का मारला, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले की या वयात स्वतःच्या घराचे खांब स्वतः बदलायचे, हे काही सोपं नाही. मला वाटलं ते थट्टा करतायत. मीही मोठ्याने हसलो. लायब्ररीत सगळ्यांनी वळून पाहिलं.

काही आठवड्यांनी परवानगी आली आणि ब्रेंटचं काम सुरू झालं. रेडिओ मोठ्याने लावायचा, शीळ घालायची, दुपारी चहाला तासभर. तीन दिवसांत सहा खांब उभे. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो की माणूस ओळखता आला पाहिजे, बाकी काही लागत नाही.

विभावरी माउंट रॉस्किलला एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. तिची सगळी हयात लेबलं वाचण्यात गेली आहे. चौथ्या दिवशी ती दुपारी जेवायला घरी आली आणि बाहेर रचून ठेवलेल्या उरलेल्या खांबांकडे गेली. लाकूड कुजू नये म्हणून किती कडक प्रक्रिया केलीय ते सांगणारी एक छोटी पट्टी प्रत्येक खांबाच्या टोकाला मारलेली असते. तिने ती वाचली, मग गॅरेजमधून इंजिनिअरचा नकाशा आणला, तोही वाचला आणि ब्रेंटसमोर जाऊन उभी राहिली.

“नकाशात एच-फाइव्ह लिहिलंय. या खांबांवर एच-फोर का आहे?”

ब्रेंट हसला. लाकूड तेच, झाडही तेच, म्हणाला, फक्त कागदावरचा आकडा वेगळा. विभावरी म्हणाली की गोळीसुद्धा तीच असते, मिलिग्रॅम वेगळे असतात. यावर ब्रेंटने माझ्याकडे पाहिलं आणि मी, हे लिहितानाही माझे कान गरम होतायत, तिच्या वतीने त्याची माफी मागितली. तो ‘स्वीट अॅज’ म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही.  विभावरीने एका खांबाची पट्टी उचकटून पर्समध्ये टाकली आणि कामावर परत गेली.

पुढच्या मंगळवारी काउन्सिलची इन्स्पेक्टर आली. मेरेआना तिचं नाव. पन्नाशीची, गुडघ्यांना जाड पॅड बांधलेली, कपाळावर दिवा. तिची गाडी वळणावर दिसताच ब्रेंटला आठवलं की लाकूड आणायला जायचंय, आणि तो गेला. मेरेआना माझ्याशी काही बोलण्याआधी सरळ घराखाली शिरली. दहा मिनिटांनी बाहेर आली, अंगावरची माती झटकली आणि वही उघडून म्हणाली, म्हणजे हे काम तुम्ही स्वतः करताय तर.

त्या क्षणी मला लायब्ररीतल्या गृहस्थांचं कौतुक समजलं. ज्याला साधा फॉर्म म्हटलं होतं ते शपथपत्र होतं. या देशात घरमालकाला एक सवलत आहे. लायसन्स नसलं तरी तो स्वतःच्या घराचं असं काम स्वतःच्या हाताने करू शकतो, आणि मी तसं करणार असल्याची शपथ घेऊन बसलो होतो.

तिने विचारलं, खड्डे किती खोल घेतलेत. मी म्हणालो, पुरेसे. खांबांवर कसली प्रक्रिया केलेली आहे. मी म्हणालो, लाकडाची. मग तिने घराखाली बॅटरी रोखून खांबांवर आडव्या गेलेल्या तुळईकडे बोट दाखवलं आणि याला काय म्हणतात असं विचारलं. मी खूप विचार केला आणि ‘मेन लाकूड’ असं उत्तर दिलं. पुण्यात अठ्ठ्याऐंशी टक्के मिळवून इंजिनिअरिंगला गेलेला माणूस मी. तोंडी परीक्षेत एवढा घाम मला तेव्हाही आला नव्हता.

आमची मुलगी इरा, वय पंधरा, पोहून आली होती आणि ओल्या टॉग्सवर, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांवर, टॉवेल गुंडाळून गॅरेजच्या पायरीवर उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

“डॅड, जस्ट टेल हर.”

मी सांगितलं. ब्रेंट, पोहे, फॉर्म, लायब्ररी, सगळं. मेरेआनाने पेनाला टोपण लावलं, एक बादली उलटी करून तिच्यावर बसली आणि मला दुसरी बादली दिली. ती रागावली नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली. तिने शांतपणे सांगितलं की खड्डे निम्मेच खोल आहेत आणि उभे केलेत ते कुंपणाचे खांब आहेत. मातीत ते घराचं ओझं घेऊन फार वर्षं टिकणार नाहीत. ब्रेंटकडे लायसन्स कधीच नव्हतं. या महिन्यात त्याचं नाव ऐकू आलेलं आमचं हे तिसरं घर. आदल्या आठवड्यात ती एका एकट्या आजींकडे गेली होती. त्यांच्या घराखाली असेच खांब होते आणि आजी वर निर्धास्त झोपत होत्या. ते ऐकल्यावर ऑफिसात मी माणूस ओळखण्याबद्दल जे काही बोललो होतो ते एकेक आठवायला लागलं.

काम थांबलं. ब्रेंटचा फोन लागेनासा झाला. चौकशी अधिकाऱ्याला मी लेखी जबाब दिला, शपथपत्र मागे घेतलं आणि एक कडक ताकीद पदरात पडली. समीरने कळवलं की त्याला त्या माणसाबद्दल पहिल्यापासूनच शंका होती. तो ब्रेंटला कधी भेटलाच नव्हता, ते सोडा. जयवंत मात्र एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी बॅटरी घेऊन आले, घराखाली जाऊन इंजिनिअरचे टेकू जागेवर आहेत का ते पाहून आले आणि कपडे झटकत घरी गेले. ते काहीतरी बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही रजिस्टरवरच्या बिल्डरांना फोन केले. सगळ्यात लवकर येणारा पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत येणार होता. मेरेआनाने दिलेली माहितीपत्रकं गॅरेजमधल्या टेबलावर पसरली होती. विभावरी ती तीन दिवस वाचत होती. चौथ्या दिवशी कुकरची शिटी होईपर्यंत थांबली आणि म्हणाली,

“यात मालकाने स्वतः करायचं म्हटलंय. घर दोघांच्या नावावर आहे ना?”

“आहे.”

“मग मी करते.”

मी हसलो. आयुष्यात परत घ्यावंसं वाटणारं माझं हसू तेवढं एकच.

शपथपत्रासाठी ती त्याच लायब्ररीत त्याच गृहस्थांकडे गेली. वाचलंय का असं त्यांनी विचारल्यावर तिने हो म्हटलं आणि दुसऱ्या पानावर आमच्या घराचा नंबर चुकीचा छापलाय तो दुरुस्त करून घेतला. गृहस्थांनी यावेळी कौतुक केलं नाही. नुसतं वर बघून तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

लाकडी घरांच्या बांधणीचं एक जाडजूड नियमांचं पुस्तक असतं. ते तिने आणलं आणि त्याला फार्मसीतल्या चिकटपट्ट्यांनी खुणा केल्या. शनिवारी सुतारकामाच्या वर्गाला गेली. मग पुढच्या बागेत सरावासाठी एक खड्डा खणला, नकाशात दिलाय तेवढाच खोल, मोजला आणि बुजवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक खणला आणि बुजवला. कुत्री फिरवणारे आता स्टिकर सोडून बागेकडे पाहायला लागले. एका बाईंनी मला हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी खड्डा विभावरीने खणल्याचं सांगितलं. त्या माझ्याकडे पाहत दोन पावलं मागे सरकल्या.

एच-फाइव्हचे खांब कुठेच मिळत नव्हते. तिने अकरा वखारींत फोन केले. अकरावी तीन तासांवरच्या टौरंगाची निघाली. आम्ही ट्रेलर लावून तिथवर गेलो आणि वखारीत तिने प्रत्येक खांबाची पट्टी वाचल्याशिवाय तो चढवू दिला नाही. वखारवाला मला म्हणाला की तुमच्या मिसेस बिल्डर आहेत का. तीन महिन्यांपूर्वी कागदोपत्री मी होतो, हे सांगण्याची माझी इच्छा झाली नाही.

मदतीला मित्र आणि नातेवाईक चालतात, पण त्यांनी मोबदला घ्यायचा नाही असा नियम. जयवंत हातात यादी घेऊन आले. काय आधी, काय नंतर, प्रत्येक ओळीपुढे चौकोन. त्यांच्या पत्नी सुजाता नर्स आहेत. त्यांनी काँक्रीट कालवायचं काम घेतलं आणि कोरड्या मिश्रणाकडे एखाद्या आडमुठ्या पेशंटकडे पाहावं तसं पाहत ते कालवलं. मी मापं घेणार होतो. पहिल्याच दिवशी मी टेपची उलटी बाजू वाचत असल्याचं विभावरीच्या लक्षात आलं, म्हणून मला वस्तू पुरवण्यावर नेमलं. दुसऱ्या दिवशी पाणसळ मागितल्यावर मी ओळंबा दिला, तेव्हा माझी बदली चहाकडे झाली. ही पदावनती मी शांतपणे स्वीकारली, निदान बाहेरून.

आणि विभावरी घराखाली गेली. माझा जुना ट्रॅकसूट, डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा. दर शनिवार-रविवार आणि तिच्या सुट्टीचा बुधवार. थंडीचे दिवस होते, खालची माती बर्फासारखी गार. ती पोटावर सरपटत आत जायची आणि मग आम्हाला फक्त आवाज यायचा. कधी खणण्याचा, कधी ठोकण्याचा, मधूनच स्वतःशी आकडे म्हणण्याचा. चव्वेचाळीस वर्षांची बाई, जिला लग्नात माझ्या आईने नाजूक म्हटलं होतं.

घर उचलायचं होतं ते जॅकने, हळूहळू. मला वाटलं एका दिवसात उचलून टाकू. ती म्हणाली की एखादं औषध बंद करायचं तर डोस एकदम तोडत नाहीत, घरालाही तेच. रोज पाव फेरा, जास्त नाही. सकाळी कामावर जाण्याआधी ती पाव फेरा द्यायची, वर येऊन भिंतींना कुठे चीर गेली का पाहायची आणि वहीत लिहायची. सव्वीस दिवस घर असं दमादमाने उठत होतं. सत्ताविसाव्या दिवशी दारं आपोआप उघडायची थांबली.

एका बुधवारी दुपारी पाऊस आला. ती सातव्या खांबापाशी होती, अगदी आत. जयवंत कामावर, इरा शाळेत, बाहेर मी एकटा. अचानक घराने एक आवाज केला, जाड लाकूड पिळल्यासारखा, आणि मग काहीच नाही.

“विभा,” मी म्हणालो.

उत्तर नाही. मी गुडघ्यांवर बसलो, त्या भोकातून डोकं आत घातलं. आत दिवा दिसत नव्हता. मी पुन्हा हाक मारली. माझा आवाज मला ओळखू येईना. आजवर मी त्या पोकळीत कधी गेलो नव्हतो, मला बंद जागेची भीती वाटते. पण मी जायला लागलो. खांद्यापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात डाव्या बाजूच्या अंधारातून मातीने माखलेला एक हात बाहेर आला, तळवा वर.

“सोळाचा पाना,” ती म्हणाली. “आणि तू बाहेर हो, उजेड अडतोय.”

हेल्मेटवरचा दिवा विझला होता आणि आवाज झाला तेव्हा घर नव्या खांबावर बसलं होतं. मी पाना दिला, बरोबर सोळाचाच दिला. मग पावसात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. अठरा वर्षांत मी या बाईला किती गोष्टी समजावून सांगितल्या होत्या, त्या आठवत होतो.

काँक्रीट ओतण्यापूर्वी मेरेआना खड्डे तपासायला यायची. पहिल्या तपासणीत एक खड्डा चार बोटं कमी भरला. मला वाटलं, चार बोटांचं काय एवढं, आणि मी तसं बोलायला तोंड उघडलं. विभावरी मध्येच थँक यू म्हणाली, फावडं घेऊन खाली गेली आणि तो खणून आली. शेवटच्या तपासणीला मेरेआना वीस मिनिटं घराखाली होती. बाहेर येऊन तिने एकामागून एक प्रश्न विचारले. खोली, लाकूड, कुठला बोल्ट कशासाठी. विभावरीने सगळ्यांची उत्तरं दिली आणि एका प्रश्नाला मला माहीत नाही, पुस्तकात पाहून सांगते असं म्हणाली. मेरेआना म्हणाली की सगळ्यांत चांगलं उत्तर हेच होतं. तिने दारावरचा पिवळा स्टिकर स्वतः सोलून काढला. त्याचा डिंक अजून आहे, तो निघत नाही.

ब्रेंटचा खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. सहा घरं, सगळी पुरात आणि दरडीत सापडलेली. आम्हाला साक्षीला बोलावलं. त्याच्या वकिलाने मला विचारलं की या कामाचा बिल्डर मीच आहे असं शपथेवर लिहून दिलंय ना. मी हो म्हटलं. सही करण्यापूर्वी वाचलं होतं का. मी नाही म्हटलं. व्यवसाय काय. माहिती अचूक ठेवण्याचा, मी म्हणालो. कोर्टात कोणी हसलं नाही, पण लिहून घेणारी बाई क्षणभर थांबली. मग विभावरीला बोलावलं. तिने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली ती एच-फोरची पट्टी काढली. पिशवीवर तारीख, वेळ आणि खांब कुठे रचला होता ते लिहिलेलं होतं. वकिलाने तिला फार प्रश्न विचारले नाहीत.

ब्रेंटला दंड झाला, चांगला घसघशीत, आणि त्या सहा घरांना भरपाई द्यायचा हुकूम झाला. न्यायाधीश बाई म्हणाल्या, संकटातून नुकता बाहेर आलेला माणूस प्रश्न विचारायच्या अवस्थेत नसतो, म्हणून त्याच्या वतीने कायदा विचारतो. मेरेआनाने सांगितलेल्या त्या एकट्या आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि रुमालाची घडी पुन्हा घातली.

बाहेर पायऱ्यांवर ब्रेंट समोर आला. मला ‘सॉरी मेट’ म्हणाला. मग विभावरीकडे वळून विचारलं की एच-फाइव्ह मिळाले का शेवटी. तिने हो म्हटलं.

“त्या वर्षी मिळत नव्हते,” तो म्हणाला. “मी दोन ठिकाणी विचारलं होतं.”

“मी अकरा,” ती म्हणाली.

 तो खाली बघत पायऱ्या उतरून गेला. आम्ही गाडीत बसलो. मला वाटलं होतं की ती खूश असेल. ती म्हणाली की माणूस हाताने वाईट नव्हता, त्याला फक्त नऊ फोन कमी पडले. हे असं मोजायचं मला कधी सुचलं नसतं.

तिची कीर्ती मी पसरवली. ते काम मला कोणी दिलं नव्हतं, पण चहानंतर मला जमलेलं तेवढंच. गेल्या दिवाळीच्या फराळाला मराठी मंडळी जमली होती, तिथे मी घर उचलल्याची हकिगत इतकी रंगवून सांगितली की लोकांच्या चकल्या हातातच राहिल्या. समीरने त्यात स्वतःचेही दोन सल्ले घुसवले. डोंगराच्या कडेला राहणाऱ्या अस्मिताताईंच्या घराचे मागचे तीन खांब खचले होते, विमावाले टाळाटाळ करत होते. त्या अगदी रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, काळजी करू नका, विभावरी दोन शनिवारांत करून देईल. मला फार बरं वाटलं ते बोलताना.

घरी आल्यावर ती पायातल्या चपला काढत म्हणाली,

“शशी, माझ्याकडे लायसन्स आहे?”

“नाही.”

“घर आपलं आहे?”

“नाही. पण तू ब्रेंटपेक्षा शंभर पटीने चांगलं करशील.”

“करीन,” ती म्हणाली. “तरी त्यांच्या घराखाली गेले की मी ब्रेंटच.”

 माझ्या दृष्टीने ती या शहरातली सगळ्यांत भरवशाची बिल्डर होती. तीच मला सांगत होती की तिच्या स्वतःच्या शब्दावरही कोणी नुसता भरवसा ठेवू नये. मग मी फोन उचलला आणि अस्मिताताईंना लावला. काय कारण सांगावं याची चार-पाच वाक्यं मनात जुळवली होती, ती सगळी सोडून दिली. म्हटलं, मी चुकून शब्द दिला. विभावरीला हे काम उत्तम येतं, आणि म्हणूनच ती ते करणार नाही.

 अस्मिताताईंनी थकलेल्या आवाजात विचारलं की मग आता आम्ही कोणाला बोलवायचं. मी विभावरीकडे पाहिलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि जमिनीवरच मांडी घालून बसली.

“दोन नावं सांगते,” ती म्हणाली. “पण माझ्यावर जाऊ नका. लॅपटॉप उघडा, रजिस्टर लावा आणि तुम्ही स्वतः बघा. मी थांबते फोनवर.”

आणि ती थांबली.